इटालियन क्रियापदांतील आघात : अक्षरे मोजण्याआधी शब्दाची बांधणी पाहा

उच्च शिक्षणासाठी तोरिनोला निघालेल्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याने मोबाइलवरच्या एका अॅपच्या आधारे इटालियन शिकायला सुरुवात केली, शब्दांची अक्षरे कशी तोडायची याचे नियम पाठ केले, आणि आघात, म्हणजे शब्द उच्चारताना एका अक्षरावर येणारा जोर, बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो हेही लक्षात ठेवले. तरीही ‘मी राहतो’ या अर्थाचे आबितो हे रूप तो आ-बी-तो असे म्हणतो आणि समोरची इटालियन व्यक्ती दर वेळी ते दुरुस्त करते. ‘ते फोन करतात’ हे रूप तर त्याच्या तोंडी बसतच नाही, आणि ‘मी बोलतो’ व ‘तो बोलला’ यांतला फरक ऐकताना हरवतो. त्याचा प्रश्न असा की, आघाताचा काही नियम आहे, की प्रत्येक क्रियापदाचे प्रत्येक रूप स्वतंत्रपणे पाठ करावे लागेल?

तुमची खरी अडचण अक्षरविभाजनाची नाही. ते तुम्ही बरोबर करता. अडचण अशी आहे की अक्षरे तोडल्यावर आघात आपोआप सापडेल, असे तुम्ही गृहीत धरले आहे. इटालियन नामांच्या बाबतीत ‘शेवटून दुसरे अक्षर’ हा अंदाज बराच काळ निभावून नेतो. क्रियापदाच्या बाबतीत मात्र आघात शेवटून मोजून ठरत नाही. तो शब्दाच्या कोणत्या भागावर, म्हणजे धातूवर की त्यापुढच्या प्रत्ययावर, पडायचा हे आधी ठरते, आणि शेवटून कितवे अक्षर हा केवळ त्याचा परिणाम असतो. हा क्रम उलटा केला की प्रत्येक रूप पाठ करण्याची गरज संपते आणि प्रत्येक क्रियापदाचे फक्त एक रूप लक्षात ठेवावे लागते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तोरिनोसारख्या उत्तरेकडच्या शहरात रोजच्या बोलण्यात साधा भूतकाळ फारसा ऐकू येत नाही, तेथे साहाय्यक क्रियापद लावून केलेला भूतकाळ चालतो. मध्य इटलीतल्या तोस्काना प्रांतात आणि दक्षिणेत साधा भूतकाळ बोलण्यातही जिवंत आहे, आणि पुस्तकांत तर तो सगळीकडे भेटतो. त्यामुळे ‘तो बोलला’ हे रूप तुम्हाला बोलण्यापेक्षा वाचण्यासाठी अधिक लागेल. तसेच ए आणि ओ हे स्वर उघडे उच्चारायचे की मिटलेले, हे प्रदेशानुसार इतके बदलते की पहिल्या वर्षी त्यात शिरू नये, असा माझा सल्ला असतो. आघाताचे मात्र तसे नाही. तो चुकला तर शब्द ओळखूच येत नाही.

पुढे मी इटालियन शब्द देवनागरीत, अक्षरे तोडून लिहिणार आहे आणि आघात असलेल्या अक्षरापूर्वी ˈ ही खूण करणार आहे. मराठीत शेवटचा इकार दीर्घ लिहिण्याचा नियम आहे, पण येथे मी तो मुद्दाम ऱ्हस्व लिहितो, कारण ‘पार्ली’ असे लिहिले की आपला डोळा शेवट लांबवतो आणि इटालियन कानाला आघात तेथेच पडल्यासारखा वाटतो.

आता अक्षरविभाजन. एकटे व्यंजन पुढच्या स्वराबरोबर जाते : आ-बि-ता-रे. द्वित्त व्यंजन मधोमध तुटते : राक-कोन-ता-रे (सांगणे, कथन करणे). आता आणि आत्ता यांतला फरक सहज ऐकणाऱ्या मराठी कानाला द्वित्त शिकवावे लागत नाही, ही आपली जमेची बाजू आहे. ल, म, न, र यांच्यापुढे दुसरे व्यंजन आले तर पहिले मागे राहते : पार-ला-रे, कान-ता-रे. मात्र प, ब, त, द, क, ग, फ यांच्यापुढे र किंवा ल आला तर जोडी फुटत नाही : आ-प्रि-रे (उघडणे). स आणि त्यापुढचे व्यंजन यांची जोडीही लिहिताना फोडत नाहीत : आ-स्पेत-ता-रे (वाट पाहणे).

या शेवटच्या नियमाकडे विशेष लक्ष द्या. तो ओळीच्या शेवटी शब्द तोडण्यासाठीचा लेखनसंकेत आहे. कानाला मात्र स आधीच्या अक्षराला चिकटलेला ऐकू येतो, आणि म्हणूनच ‘पास्ता’ या शब्दातला पहिला स्वर ‘कासा’ (घर) या शब्दातल्या पहिल्या स्वरासारखा लांब होत नाही. आघात शोधताना स हा मागच्या अक्षराला बंद करणारा मानायचा, एवढे ध्यानात ठेवा; याचा उपयोग पुढे होणार आहे.

विभाजन एवढे पुरे. आता बांधणी. ‘आम्ही बोलत होतो’ या अर्थाचे पार्लावामो हे रूप घ्या. त्यात चार तुकडे आहेत : पार्ल हा धातू, आ हा गणाचा (मूळ रूपाच्या आरे, एरे किंवा इरे या शेवटावरून ठरणाऱ्या क्रियापदांच्या गटाचा) स्वर, व हे अपूर्ण भूतकाळाचे चिन्ह त्याच्या स्वरासह, आणि शेवटी मो हा ‘आम्ही’चा प्रत्यय. बहुतेक काळांत हे चारही तुकडे, किंवा त्यांपैकी तीन, स्पष्ट दिसतात. साध्या वर्तमानकाळात मात्र काही रूपांत धातूपुढे फक्त एक दुबळा स्वर उरतो : पार्ल आणि ओ, पार्ल आणि इ, पार्ल आणि आ. आघात पेलण्याइतका हा शेवटचा स्वर बळकट नसतो, त्यामुळे आघात धातूवर येतो. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांच्या रूपांत प्रत्यय लांब असतो आणि तो आघात आपल्याकडे ओढतो.

म्हणून मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने वर्तमानकाळ असा ऐकू येतो : ˈपार-लो, ˈपार-लि, ˈपार-ला, पार-ˈल्या-मो, पार-ˈला-ते, ˈपार-ला-नो. सहावे रूप नीट पाहा. त्यात धातूपुढे दोन अक्षरे आहेत, तरी आघात धातूवरच आहे. आरे गणात ‘ते’च्या रूपातला नो हा तृतीयपुरुषी एकवचनाच्या मागे नुसता जोडला जातो आणि आघाताला हात लावत नाही. तुमच्या ‘फोन करतात’चे उत्तर येथेच आहे. ‘तो फोन करतो’ हे ते-ˈले-फो-ना असेल, तर ‘ते फोन करतात’ हे ते-ˈले-फो-ना-नो असलेच पाहिजे. आघात शेवटून चौथ्या अक्षरावर गेला याचे आश्चर्य वाटून घेऊ नका. तो हललेलाच नाही, फक्त शब्दाचा शेवट लांबला आहे. तसेच ˈआ-बि-तो, ˈआ-बि-ति, ˈआ-बि-ता, आ-बि-ˈत्या-मो, आ-बि-ˈता-ते, ˈआ-बि-ता-नो. ‘ते’चे रूप म्हणताना अडखळलात, तर आधी ‘तो’चे रूप मनात म्हणा आणि मग नो जोडा. वर्गात मी हाच सराव करून घेतो, आणि तो आजवर तरी पुरेसा ठरला आहे.

वर्तमानकाळ सोडला, आणि त्याच्यासारख्याच वागणाऱ्या वर्तमान संभावनार्थाची (शक्यता, इच्छा दाखवणारी) व आज्ञार्थाची रूपे सोडली, की नियमित क्रियापदांत आघात नेहमी धातूच्या पुढे जातो. तेथे धातूत कितीही अक्षरे असोत, त्यांचा विचारच करावा लागत नाही. अपूर्ण भूतकाळात तो गणाच्या स्वरावर असतो : पार-ˈला-वो, पार-ˈला-वि, पार-ˈला-वा, पार-ˈला-वा-नो, फक्त ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’च्या रूपांत एक अक्षर पुढे सरकतो : पार-ला-ˈवा-मो, पार-ला-ˈवा-ते. ज्यांनी आधी स्पॅनिश शिकले आहे, त्यांच्याकडून येथे हमखास चूक होते, कारण स्पॅनिशमध्ये याच रूपात आघात गणाच्या स्वरावर टिकून राहतो. गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की इटालियनच्या भूत संभावनार्थात ‘आम्ही’चे रूप पार-ˈलास-सि-मो असे आहे, म्हणजे तेथे आघात पुढे सरकत नाही. ही दोन रूपे शेजारी शेजारी ठेवून मोठ्याने म्हणावीत. मला याहून चांगला उपाय माहीत नाही.

भविष्यकाळ सर्वांत सोपा आहे, आणि त्याचे कारणही सुंदर आहे. लॅटिनचा जुना भविष्यकाळ मागे पडला आणि त्याच्या जागी मूळ क्रियापदापुढे ‘असणे, जवळ असणे’ या क्रियापदाची वर्तमानकाळी रूपे जोडण्याची पद्धत रूढ झाली. इटालियनमध्ये या क्रियापदाची रूपे ओ, आइ, आ आणि आन्नो अशी आहेत, आणि भविष्यकाळातल्या त्या चार रूपांचे शेवट नेमके तेच आहेत : पार-ले-ˈरो, पार-ले-ˈराइ, पार-ले-ˈरा, पार-ले-ˈरे-मो, पार-ले-ˈरे-ते, पार-ले-ˈरान-नो. जोडलेले क्रियापद आपला आघात सोबत घेऊन आले, म्हणून भविष्यकाळात आघात कायम शेवटच्या तुकड्यावर असतो. संकेतार्थही याच रीतीने, त्याच क्रियापदाच्या भूतकाळी रूपांपासून बनला : पार-ले-ˈरेब-बे म्हणजे ‘तो बोलला असता, बोलेल’. ‘आम्ही बोलू’ हे पार-ले-ˈरे-मो आणि ‘आम्ही बोललो असतो, बोलू शकू’ हे पार-ले-ˈरेम-मो. या दोन रूपांत आघात एकाच जागी आहे आणि सगळा भेद म च्या द्वित्तात आहे. येथे मराठी कानावर विश्वास ठेवा.

आता ‘मी बोलतो’ आणि ‘तो बोलला’. पहिले ˈपार-लो, दुसरे पार-ˈलो. लिहिताना दुसऱ्याच्या शेवटच्या स्वरावर खूण असते, आणि इटालियन लेखनात आघाताची खूण सक्तीची आहे ती मुख्यतः अशाच, म्हणजे शेवटच्या अक्षरावर आघात असलेल्या शब्दांत. बाकी सर्वत्र लेखन गप्प राहते. त्यामुळे जी अक्षरावळ तंतोतंत तीच, ती आघात बदलला की वेगळा शब्द होते. ˈका-पि-तो म्हणजे ‘मी अवचित येऊन पोचतो’, का-ˈपि-तो म्हणजे ‘समजले’, आणि का-पि-ˈतो म्हणजे ‘घडले’. ˈपेर-दो-नो म्हणजे ‘ते हरतात, गमावतात’, पेर-ˈदो-नो म्हणजे ‘मी क्षमा करतो’, आणि पेर-दो-ˈनो म्हणजे ‘त्याने क्षमा केली’. मराठीत केवळ आघात हलवून असा अर्थ आणि काळ बदलत नाही, म्हणून आपण तो ऐकण्याची सवयच लावून घेतलेली नसते. ऐकताना जोर शोधू नका, लांबी शोधा. आघात असलेले अक्षर स्वरान्त असेल आणि शब्दाच्या शेवटी नसेल, तर त्याचा स्वर ठळकपणे लांबतो : ˈका-पि-तो मधला का लांब, का-ˈपि-तो मधला पि लांब. शेवटच्या अक्षरावर आघात असेल तेव्हा मात्र स्वर लांबत नाही, तो आखूड पण ठाम असतो. बोलतानाही हेच करा. आवाज चढवण्यापेक्षा स्वर लांबवणे हा आपल्याला अधिक जमणारा मार्ग आहे.

येथवरचे एका वाक्यात सांगायचे तर, वर्तमानकाळाच्या पहिल्या तीन आणि सहाव्या रूपांत आघात धातूवर, आणि बाकी जवळजवळ सर्वत्र प्रत्ययावर. ही विभागणी लक्षात आली की इटालियनमधली बरीचशी ‘अनियमित’ क्रियापदे अनियमित वाटेनाशी होतात, आणि शिकवताना मला सर्वांत अधिक आनंद देणारा भाग हाच आहे.

‘मरणे’ या अर्थाचे मोरिरे पाहा : ˈम्वो-यो, ˈम्वो-रि, ˈम्वो-रे, मो-ˈर्या-मो, मो-ˈरि-ते, ˈम्वो-यो-नो. ‘बसणे’ या अर्थाचे सेदेरे पाहा : ˈस्ये-दो, ˈस्ये-दि, ˈस्ये-दे, से-ˈद्या-मो, से-ˈदे-ते, ˈस्ये-दो-नो. आघात धातूवर आहे तेथे स्वर फुलून जोडस्वर झाला आहे, आणि आघात पुढे गेला तेथे तो साधाच राहिला आहे. लॅटिनचे ऱ्हस्व ए आणि ओ हे आघाताखाली, स्वरान्त अक्षरात असे फुलले, हे त्याचे ऐतिहासिक कारण. मराठी वाचकाला ही चाल अगदीच परकी वाटू नये. गरीब पण गरिबाला, वकील पण वकिलाने, फूल पण फुलाला असे आपण लिहितो. पुढे प्रत्यय आला की मूळ शब्दातला स्वर आखडतो. कारणे वेगळी आहेत, पण शब्द लांबला की आतला स्वर बदलतो ही जाणीव आपल्याकडे शाळेपासून आहे, तिचा उपयोग करा.

‘बाहेर पडणे’ या क्रियापदात ˈए-स्को, ˈए-शि, ˈए-शे, आणि सहावे ˈए-स्को-नो. पण मधली दोन उ-ˈशा-मो, उ-ˈशि-ते. ‘जाणे’ या क्रियापदात तर दोन निराळे धातू एकत्र नांदतात, आणि त्यांची वाटणीही आघातानेच झाली आहे : ˈवा-दो, वाइ, वा, ˈवान-नो एका धातूची, आन-ˈद्या-मो आणि आन-ˈदा-ते दुसऱ्याची. आणि इरे गणातली फिनिरे (संपवणे) सारखी क्रियापदे आठवा : फि-ˈनि-स्को, फि-ˈनि-शि, फि-ˈनि-शे, फि-ˈन्या-मो, फि-ˈनि-ते, फि-ˈनि-स्को-नो. मधेच येणारा तो इस्क पुस्तकांत नुसता तक्त्यात देऊन सोडतात. तो नेमका त्याच चार रूपांत येतो, जेथे आघात धातूवर पडला असता. मधे इस्क घातल्यामुळे आघात त्याच्यावर जातो आणि धातू सगळ्या रूपांत आघाताविना, एकसारखा राहतो. ज्या दोन रूपांत प्रत्यय स्वतःच आघात घेतो, तेथे इस्कची गरज नाही, म्हणून तो तेथे नाही. दोर्मिरे (झोपणे) सारखी क्रियापदे ही सोय वापरत नाहीत : ˈदोर-मो, ˈदोर-मो-नो.

साध्या भूतकाळातल्या अनियमित क्रियापदांतही असाच खेळ आहे, फक्त वाटणी निराळी. ‘घेणे’ : ˈप्रे-सि, प्रेन-ˈदे-स्ति, ˈप्रे-से, प्रेन-ˈदेम-मो, प्रेन-ˈदे-स्ते, ˈप्रे-से-रो. पहिले, तिसरे आणि सहावे रूप धातूवर आघात घेते आणि तेथेच धातू बदललेला दिसतो. उरलेल्या तिघांत आघात पुढे आहे आणि धातू शाबूत आहे.

राहिला तो एकच खरा कठीण प्रश्न : आघात धातूवर आहे हे कळले, पण धातूत दोन-तीन अक्षरे असतील तर त्यांपैकी कोणत्यावर? ˈआ-बि-तो, पण इन-ˈवि-तो (मी आमंत्रण देतो), हे कसे ओळखायचे? येथे अक्षरविभाजन पहिल्यांदा खरोखर कामाला येते.

वृत्तांचे लघु-गुरू शिकताना आपण पाठ केलेले असते की जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षरही गुरू होते. लॅटिनचा आघात याच तत्त्वावर चालत असे : शेवटून दुसरे अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. इटालियनने हा आघात बव्हंशी तसाच वारशाने घेतला. म्हणून ‘मी’च्या रूपात शेवटून दुसरे अक्षर व्यंजनाने बंद झालेले असेल, तर आघात तेथेच, हे निर्धास्तपणे धरून चाला : राक-ˈकोन-तो, दो-ˈमान-दो (मी विचारतो), आ-ˈस्पेत-तो. मघाशी स विषयी सांगितले त्याचा उपयोग आता पाहा. ‘मी नोंदवतो’ हे लिहिताना रे-जि-स्त्रो असे तुटते, पण स जि ला बंद करतो, म्हणून रे-ˈजि-स्त्रो, आणि ‘ते’चे रूप रे-ˈजि-स्त्रा-नो. काही स्थळनामे हा नियम मोडतात, दक्षिणेकडच्या पुल्या प्रांतातली ˈता-रान-तो आणि ˈओ-त्रान-तो ही बंदरे त्यांपैकीच; क्रियापदांत मात्र तो जवळजवळ अभंग आहे. सावधगिरी एकच : व्यंजनापुढे र किंवा ल असलेली न फुटणारी जोडी अक्षर बंद करत नाही, म्हणून ˈचे-ले-ब्रो (मी साजरे करतो) आणि ˈपे-ने-त्रो (मी आत शिरतो). मराठी वृत्तात असे जोडाक्षरही मागचे अक्षर गुरू करते, त्यामुळे आपला अंदाज नेमका येथे फसतो.

शेवटून दुसरे अक्षर स्वरान्त असेल तेव्हा मात्र इटालियन शब्द पाहून निर्णय करता येत नाही. लॅटिनमध्ये ‘राहतो’ मधला इ ऱ्हस्व होता आणि ‘आमंत्रण देतो’ मधला इ दीर्घ, म्हणून आज ˈआ-बि-तो आणि इन-ˈवि-तो. इटालियनने स्वरांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद गमावला, त्यामुळे कारण पुसले गेले आणि परिणाम तेवढा उरला. लॅटिन शिकलात तरी ते प्रत्येक वेळी वाचवील असे नाही : ‘टाळणे’ या क्रियापदात लॅटिन इ दीर्घ असूनही आजचे रूप ˈए-वि-तो आहे, आणि ‘तयार करणे’ मध्ये आ ऱ्हस्व असूनही प्रे-ˈपा-रो.

तरी अंदाजाला दोन बरे आधार आहेत. क्रियापदाशी जुळणारे नाम तुम्हाला माहीत असेल, तर आघात बहुधा त्याच अक्षरावर असतो. टेलिफोन या अर्थाचे नाम ते-ˈले-फो-नो, म्हणून क्रियापदही तसेच. भेट या अर्थाचे ˈवि-सि-ता, म्हणून ‘मी भेट देतो’ हे ˈवि-सि-तो. कारखाना ˈफाब-ब्रि-का, म्हणून ‘ते बनवतात’ हे ˈफाब-ब्रि-का-नो. ‘मूल्यमापन करणे’ या क्रियापदाचे रूप अनेक इटालियन लोकही ˈवा-लु-तो असे म्हणताना ऐकू येतील, पण चलन या अर्थाचे नाम वा-ˈलु-ता आहे आणि क्रियापदाचे शिष्टसंमत रूपही वा-ˈलु-तो हेच आहे. तुम्ही तेच म्हणा. दुसरा आधार साधित क्रियापदांचा. इफिकारे या शेवटाच्या क्रियापदांत आघात त्यातल्या पहिल्या इ वर : मो-ˈदि-फि-को, वे-ˈरि-फि-को. इद्झारे या शेवटाच्या क्रियापदांत अक्षर बंद असल्याने आघात तेथेच : ओर-गा-ˈनिद-झो, ज्यातला झ आपल्या झाडातला आहे. विद्यापीठात ही दोन्ही कुळे तुम्हाला रोज भेटतील.

इआरे या शेवटाच्या क्रियापदांत आघात थेट लेखनावर परिणाम करतो. ‘अभ्यास करणे’ मध्ये ‘मी’चे रूप ˈस्तु-द्यो, म्हणजे इ वर आघात नाही, म्हणून ‘तू’चे रूप एकाच इकाराने लिहितात, ˈस्तु-दि. ‘पाठवणे’ मध्ये ‘मी’चे रूप इन-ˈवि-ओ, इ वर आघात आहे, म्हणून ‘तू’च्या रूपात दोन इकार लिहावे लागतात, इन-ˈवि-इ. ईमेल लिहिताना ही चूक लगेच दिसते.

एरे या शेवटाची मूळ रूपे दोन प्रकारची असतात : वे-ˈदे-रे (पाहणे), आ-ˈवे-रे, सा-ˈपे-रे, पो-ˈते-रे, का-ˈदे-रे (पडणे) एकीकडे, आणि ˈलेज-जे-रे (वाचणे), ˈस्क्रि-वे-रे, ˈप्रेन-दे-रे, ˈक्रे-दे-रे (विश्वास ठेवणे), ˈरि-दे-रे (हसणे) दुसरीकडे. हे लॅटिनमधल्या दोन स्वतंत्र गणांचे अवशेष आहेत, पण वाटेत काहींनी गट बदलले; लॅटिनमध्ये ‘हसणे’ पहिल्या प्रकारचे होते आणि ‘पडणे’ दुसऱ्या. दुसरा गट फार मोठा आहे, म्हणून पहिल्या गटातली नेहमीची क्रियापदे तेवढी पाठ करा. हा भेद मूळ रूपापुरता आणि त्याला सर्वनाम जोडल्यावरच ऐकू येतो : वे-ˈदेर-लो, पण ˈलेज-जेर-लो. वर्तमानकाळात दोन्ही गट अगदी सारखे वागतात.

सर्वनाम जोडण्याचा उल्लेख आलाच आहे, तर तेही सांगून टाकतो. क्रियापदाच्या शेवटी चिकटणारी सर्वनामे आघात हलवत नाहीत, एक असो वा दोन. ‘मला फोन कर’ हे ते-ˈले-फो-ना-मि, आणि ‘ते मला बनवून दे’ हे ˈफाब-ब्रि-का-मे-लो, म्हणजे शेवटून पाचव्या अक्षरावर आघात. आपल्या जिभेला शेवटची चार अक्षरे एकसारखी आणि भरभर म्हणण्याचा सराव लागतो. ती प्रत्येकी स्पष्ट, पण आखूड असावीत.

आता सरावाचे. वहीत क्रियापद नुसते मूळ रूपात न लिहिता त्याच्याबरोबर ‘मी’चे रूप आघाताच्या खुणेसह लिहा. चांगले इटालियन शब्दकोश आरे गणाच्या क्रियापदापुढे कंसात हेच रूप देतात, कारण त्यांनाही ठाऊक आहे की बाकी सगळे त्यावरून निघते. शंका असेल तर राय या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९६९ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेला उच्चारकोश आता आंतरजालावर पाहता येतो. कधी दोन रूपे दिलेली आढळतील, जसे ‘मी वेगळे करतो’ यासाठी से-ˈपा-रो आणि ˈसे-पा-रो. अशा वेळी तुमचे सहाध्यायी जे म्हणतात ते उचला.

पहिल्या महिन्यासाठी मी दोन गट देतो. आघात मागे असलेली : ˈआ-बि-तो, ते-ˈले-फो-नो, दे-ˈसि-दे-रो (मला हवे आहे), दि-ˈमेन-ति-को (मी विसरतो), इम-ˈमा-जि-नो (मी कल्पना करतो), ˈओर-दि-नो (मी मागवतो), ˈवि-सि-तो, ˈए-वि-तो. आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर असलेली : इम-ˈपा-रो (मी शिकतो), प्रे-ˈपा-रो, इन-ˈवि-तो, प्रे-ˈनो-तो (मी जागा राखून ठेवतो), सा-ˈलु-तो (मी अभिवादन करतो), आ-ˈयु-तो (मी मदत करतो). रोज प्रत्येक गटातले एक क्रियापद घ्या आणि त्याची ‘मी’, ‘तो’, ‘ते’ आणि ‘आम्ही’ ही चार रूपे याच क्रमाने म्हणा. पहिल्या तिन्हींत आघात जागचा हलत नाही आणि चौथ्यात तो पुढे जातो, हे जिभेला कळेपर्यंत दुसरा काळ हाती घेऊ नका.